विचारा ताईंना : एका गावाची तीन शीर्षके, वर्ग कुणाला?

प्रश्न : ताई, मराठी विकिपीडियावर आमच्या कराडबद्दल मी अधूनमधून लिहितो. ‘कऱ्हाड’, ‘प्रीतिसंगम’ आणि ‘प्रितीसंगम’ ही तीन पुनर्निर्देशने (म्हणजे वाचकाला दुसऱ्या पानावर नेणारी पाने) करून ती ‘कराड’कडे वळवली. तिन्हींना सातारा जिल्ह्यातल्या शहरांचा वर्ग (म्हणजे त्या विषयाच्या पानांची यादी) लावला होता. दुसऱ्या एका सदस्याने तो सगळीकडून काढला आणि ‘पुनर्निर्देशनाला वर्ग नको’ एवढाच शेरा मारला. बरोबर कोण?
(एक वाचक, कराड)

उत्तर : शहरांचा वर्ग काढला ते योग्यच, पण शेरा चुकीचा आहे. पुनर्निर्देशनाला वर्ग चालतो. प्रत्येकाला कोणता, ते मात्र वेगवेगळे ठरवावे लागते.

‘कऱ्हाड’ आधी घ्या. हे त्याच गावाचे दुसरे नाव, वर्तमानपत्रांत आजही दोन्ही छापून येतात. शहरांच्या यादीत ‘कराड’ आहेच. त्याच्याच खाली, ‘क’मध्येच, ‘कऱ्हाड’ आले की परगावच्या माणसाला दोन गावे वाटणार. तेव्हा इथे फक्त ‘पर्यायी नाव’ अशा अर्थाचा देखभालीचा वर्ग, म्हणजे वाचकांसाठी नव्हे तर संपादकांच्या कामासाठीचा, लावा.

‘प्रितीसंगम’ हे चुकीचे लेखन. ते ठेवायचे, कारण निम्मे लोक तसेच टंकणार. पण वाचकांच्या कुठल्याही यादीत ते दिसता कामा नये, नाहीतर ज्ञानकोशानेच त्या ऱ्हस्व-दीर्घावर शिक्कामोर्तब केल्यासारखे होईल. त्याला ‘अशुद्ध लेखन’ अशा अर्थाचा देखभालीचा वर्ग पुरे.

खरा मान ‘प्रीतिसंगम’चा. कृष्णा-कोयनेचा संगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी; हे शहर नव्हे, स्थळ आहे. म्हणून त्याला जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांचा वर्ग लावा. तो वर्ग ‘कराड’ लेखाला शोभत नाही, पुनर्निर्देशनाला शोभतो. शिवाय उद्या कुणी यावर स्वतंत्र लेख लिहील. तोवर ते ‘कराड’मधल्या संगमाच्या विभागाकडे वळवा. इतर लेखांत थेट [[प्रीतिसंगम]] असाच दुवा द्या, त्याचे [[कराड|प्रीतिसंगम]] करत बसू नका. लेख झाला की ते सगळे दुवे आपोआप त्यावर जातील, कुणाला हात लावावा लागणार नाही.

लिहायचे असे. पहिली ओळ

#पुनर्निर्देशन [[कराड#प्रीतिसंगम]]

आणि तिच्याखाली वर्गाची ओळ. वळवण्याची ओळ पहिलीच हवी. हे पान उघडायला गेलात की तुम्ही ‘कराड’वर पोचता. तिथे शीर्षकाखाली बारीक अक्षरांत कुठून आलात ते दिसते, त्या दुव्यावर टिचकी मारली की मूळ पान हाती लागते. वर्गाच्या यादीत अशी नावे तिरक्या अक्षरांत येतात, म्हणजे लेख कुठला आणि वाटाड्या कुठला हे जाणत्याला लगेच कळते.

एक अपवाद सांगते. मी ग्रंथपाल होते. आमच्या कार्डांच्या खणात ‘बालकवी : ठोंबरे, त्र्यंबक बापूजी पाहा’ असे कार्ड असायचेच. लेख त्यांच्या पाळण्यातल्या नावाने असेल, तर मराठी कवींचा वर्ग ‘बालकवी’ या पुनर्निर्देशनालाही लावावा. माणूस ‘ब’मध्ये शोधतो, ‘त्र’मध्ये नाही. इथे एक कवी दोनदा आला तरी चालेल. कवी माणिक गोडघाटे आणि त्यांचे टोपणनाव ‘ग्रेस’ यांचेही तेच.

जुन्या नावांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगून ठेवते. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले म्हणून ‘उस्मानाबाद’ हे पुनर्निर्देशन कुणी पुसू नये. ते नाव मीर उस्मान अली खान या निजामावरून पडले. निजामी राजवटीवरच्या लेखात तेच नाव योग्य आहे, आणि बाहेरच्या संकेतस्थळांवरून येणारे दुवेही त्याच नावाचे आहेत. जुन्या नावांचा वर्ग लावा आणि राहू द्या.

इंग्रजी विकिपीडियावर या कामासाठी साच्यांची (पानात घालायच्या तयार मजकुरांची) फौजच आहे. ती जशीच्या तशी इकडे आणू नका. आपल्याकडे काय आहे ते शोधा, आणि नवा वर्ग काढण्याआधी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. त्या सदस्यालाही चर्चापानावर शांतपणे लिहा.

प्रश्न : ‘कऱ्हाड’ हे पान आहे, तरी माझा दुवा लाल, म्हणजे पानच नसल्यासारखा, दिसतो. स्पेलिंग तेच आहे, दहादा तपासले.
(एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : डोळ्यांना तेच, संगणकाला नाही. आपला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टंकला जातो. एकात खालचे टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात : रफार नाही, तसाच आडवा र. पानाचा पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. टक्क्यांच्या चिन्हांच्या गर्दीत त्या जागी ‘बी१’ (B1) दिसला तर टिंबाचा ‘ऱ’, ‘बी०’ (B0) दिसला तर साधा. लेख टिंबाच्या ‘ऱ’वर ठेवावा आणि दुसऱ्या रूपावरून पुनर्निर्देशन करावे, असे माझे मत.

‘ॲ’चेही असेच दुखणे. मराठी विकिपीडिया २००३ चा, आणि एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र चढवून भागवत. अशा जोडपानांना अशुद्धलेखनाच्या वर्गात कोंबू नका. इथे अशुद्ध काहीच नाही, त्यांचा वर्ग वेगळा हवा.

प्रश्न : वर्गाचेच नाव बदलले आणि जुने वर्गपान नव्याकडे वळवले. लेख मात्र जुन्यातच आहेत!
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : राहणारच. वर्गपान वळवल्याने वाचक वळतो, लेख वळत नाहीत. प्रत्येक लेखातली वर्गाची ओळ बदलावी लागते. पाच-पंचवीस असतील तर हाताने करा, शेकड्यांनी असतील तर सांगकाम्या (आपोआप बदल करणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्या सदस्याला विनंती करा. आणि नाव दुसऱ्यांदा बदलणार असाल तर पहिले वळण थेट नव्या नावाकडे करा, कारण सॉफ्टवेअर एकाच वळणापर्यंत नेते आणि वाचक मधल्याच पानावर अडकतो.