बर्फाखाली झोपणारा, अंड्याएवढ्या वजनाचा पॉसम

"कांगारू-कोआला सोडून पोटाला पिशवी असलेला, नामशेष होत चाललेला एखादा छोटा प्राणी सांगाल का? तो जगतो कसा?" असं तुम्ही विचारलंय. मी मेलबर्नला राहतो, आणि माझ्या मनात पहिलं नाव येतं ते माउंटन पिग्मी पॉसमचं.

वजन साधारण 45 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढं. शेपूट अंगापेक्षा लांब. 1895 साली जीवाश्मांचे अभ्यासक रॉबर्ट ब्रूम यांनी गुहेतल्या जीवाश्मांवरून याचं वर्णन केलं, तेव्हा हा प्राणी केव्हाच संपला असंच सगळ्यांना वाटलं. आणि 1966 मध्ये इथल्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथम या डोंगरावरच्या स्कीवाल्यांच्या एका लॉजमध्ये तो चक्क जिवंत सापडला!

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांतल्या बर्फाळ डोंगरांवर मोठमोठ्या दगडांचे खच पडलेत, त्यांच्या फटींत याचं घर. उन्हाळ्यात हॉथमला गेलो होतो. वर ऊन चटके देत होतं, पण फटीशी हात धरला तर आतून गार हवा यायची. हिवाळ्यात त्याच दगडांवर बर्फ साचतं आणि खाली हा अंगाचा गोळा करून सहा-सात महिने झोपतो. शरीराचं तापमान दोन अंशांपर्यंत उतरतं. मधूनमधून जाग येते, तेव्हा साठवलेल्या बिया खातो. बर्फ म्हणजे त्याची गोधडी. ते कमी पडलं की थंडी थेट आत शिरते.

माद्या वरच्या चांगल्या दगडांत राहतात, नर खाली. वसंतात नर वर चढून येतात. हॉथमला रस्ता आणि स्कीच्या बांधकामांनी ही वाटच तुटली होती. मग 1980च्या दशकात रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा काढला आणि थोड्याच दिवसांत पॉसम त्यातून ये-जा करू लागले. लोक त्याला प्रेमाचा बोगदा म्हणतात.

झोपेतून उठल्यावर मुख्य खाणं बोगोंग पतंगांचं. हे चरबीने भरलेले पतंग क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून शेकडो किलोमीटर उडून डोंगरावर येतात. 2017 पासूनच्या दुष्काळात ते जवळजवळ आलेच नाहीत. आयांना दूध सुटेना, आणि कित्येक पिल्लं पिशवीतच मेली. हे वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला. मोठे पॉसम आता जेमतेम दोन हजारांच्या आसपास आहेत.

पतंग दिव्यांना भुलून वाट चुकतात. म्हणून ते डोंगराकडे निघतात तेव्हा, म्हणजे इथल्या वसंतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या बाल्कनीतला दिवा रात्री बंद असतो.