घराला एक शेतकरी धरू नकोस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रबंधाचा तक्ता मिळाला. पत्रात तू पुरता गोंधळलेला दिसतोस आणि तक्ता मात्र अगदी निःशंक आहे, म्हणून आधी तक्त्याबद्दल लिहिते. धाराशिव जिल्ह्यातल्या तुझ्या गावांत पावसाच्या लहरीला तोंड देण्यासाठी पुरुषांनी ठिबक बसवले, शेततळे घेतले, लवकर निघणारे सोयाबीनचे वाण पेरले, रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली, तणनाशक फवारले आणि पीकविमा भरला, असे तुझे आकडे सांगतात. स्त्रियांच्या रकान्यात त्याच बाबींपुढे जवळपास सगळीकडे ‘नाही’ आहे. त्यावरून तुझे मार्गदर्शक स्त्रियांमध्ये जागृती कमी असल्याचे वाक्य लिहायला सांगतात. तुला ते वाक्य लिहवत नाही, पण का लिहवत नाही हे त्यांना सांगताही येत नाही.

ते मी सांगते. तुझ्या यादीतली जवळपास प्रत्येक बाब मिळवायला नावावर सातबारा, हातात रोख रक्कम किंवा खिशात मोबाइल लागतो. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये, म्हणजे ज्यांच्या नावे शेती कसली जाते त्यांच्यात, स्त्रिया सुमारे 14 टक्के होत्या, आणि त्याच देशात ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शेतीत राबतात. या दोन आकड्यांमधली दरी तुझ्या तक्त्यात ‘नाही’ होऊन उतरली आहे. तू त्या बायांना इतकेच विचारलेस की तुमच्या नवऱ्याने केले ते तुम्ही केले का; त्यावर त्या खरे बोलल्या. यात जागृतीचा प्रश्न आला कुठे?

घराला एक शेतकरी धरू नकोस. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल आणि तुला त्याचा कंटाळा येईल, तरी मी ते लिहिणार आहे, कारण इतकी वर्षे हे काम करून माझ्या हाताशी खात्रीचे असे एवढेच उरले आहे. एका घरात निदान दोन शेतकरी असतात. त्यांना दिसणारे धोके वेगळे असतात, त्यांच्या हातातली साधने वेगळी असतात, आणि एकाने शोधलेला उपाय कित्येकदा दुसऱ्याच्या डोक्यावर नवे ओझे होऊन बसतो. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात, म्हणून त्याच्याच खोलात जाते.

मराठवाड्यातल्या खरिपात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले ते तुझ्या-माझ्या डोळ्यांदेखत. कमी दिवसांचे पीक, बाजारात लगेच पैसा, त्यावर रब्बीत हरभरा घेता येतो. पाऊस उशिरा आला तरी निभावते. घरच्या पुरुषाच्या बाजूने पाहिले तर हा शहाणपणाचा निर्णय आहे आणि मी त्याला नावे ठेवत नाही. परंतु ज्वारीबरोबर घरची भाकरी गेली, जनावरांचा कडबा गेला, आणि तिफणीमागे चालत सरत्यातून तूर, तीळ, अंबाडी सोडणारी बाई जे दहा प्रकारचे बी राखत होती त्यातले बरेचसे गेले. पाऊस मध्येच दडी मारून बसला तर पूर्वी मूग-उडीद हाती लागत, ते नसले तर तूर उभी राहत असे. आता एकच पीक जाते आणि त्यासोबत सगळेच जाते, मग धान्य विकत आणायची विवंचना चुलीपाशी येऊन थांबते. त्या बाईने गाडग्यात राखेत घालून ठेवलेले तुरीचे बी, विकायला म्हणून पाळलेल्या दोन शेळ्या, लांबच्या विहिरीवरून आणलेले पाणी, आणि स्वतःच्या ताटातली कमी केलेली भाकरी, यांपैकी कशालाही तुझ्या यादीत जागा नाही. शेवटची बाब उपायांत मोजावी की नुकसानीत, यावर आपण वाद घालू. पण आधी ती मोजली तर पाहिजे.

शेततळ्याचेही तसेच. प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे पावसाच्या पाण्याने भरते असे योजनेच्या माहितीपत्रकात असते. शिवारात जाऊन पाहा, कितीतरी तळ्यांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मोटारीने उपसून साठवलेले आढळेल. एकाची बाग त्यावर उन्हाळ्यात तगते आणि त्याच शिवारातली पिण्याच्या पाण्याची विहीर महिनाभर आधी आटते. हंडा घेऊन लांब चालत कोण जाते हे तुला सांगायला नको. तणनाशकाचेही पाहा. पावसाची उघडीप केव्हा मिळेल याचा भरवसा राहिला नाही, म्हणून खुरपणीची वाट न पाहता शेतकरी फवारणी करून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने हा बदलत्या पावसावरचा उपायच आहे, पण ज्या भूमिहीन आणि अल्पभूधारक बायांचे भर पावसाळ्यातले मजुरीचे दिवस खुरपणीवर चालत, त्यांचे ते दिवस गेले. तुझ्या तक्त्यात शेततळे आणि तणनाशक, दोन्ही ‘होय’ या सदरात आहेत. कोणासाठी होय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, म्हणून मी जरा चिडले आहे.

विम्याची गोष्ट सांगते. कळंब तालुक्यातल्या एका बाईंचे सोयाबीन काढून झाले होते, बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंज, रचून ठेवली होती, आणि परतीच्या पावसाने ती आतपर्यंत भिजली. काढणीनंतरच्या नुकसानीची सूचना तेव्हा 72 तासांच्या आत द्यावी लागत असे. सातबारा नवऱ्याचा, विमा त्याच्या नावाने, नोंदवलेला मोबाइल त्याच्याकडे आणि तो पुण्यात कंपनीत दोन पाळ्या करतो. फोन लागला तेव्हा पावती कुठे ठेवली हे त्याला आठवेना, पावती सापडली तेव्हा मुदत टळून गेली होती. दरम्यान त्या बाईंनी बनीम मोडून ओल्या शेंगा शेजारच्या स्लॅबवर पातळ पसरल्या, रात्री पावसाचा थेंब आला की ताडपत्री ओढली, कोंब आलेले दाणे वेगळे काढले आणि उरलेला माल पडत्या भावाने का होईना पण विकला. तुझ्या प्रश्नावलीत हे घर ‘विमा: होय, पुरुष, स्त्री: काही नाही’ असे उतरले असते.

आता एका उलट चुकीपासून सावध करते, कारण तुझ्या पत्राच्या शेवटी तिची चाहूल लागते. बाई जात्याच मातीच्या जवळची, बी राखणारी, निसर्गाला जपणारी, असे काही लिहू नकोस. ऊस लावण्यासाठी नवऱ्याशी भांडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे पैशाच्या हिशेबाने चोख होते. ती बी राखते, कारण बाजारातून पिशवी आणण्याचा पैसा तिच्या हातात नसतो. ती शेळी पाळते, कारण शेळी विकायला तलाठ्याचा कागद लागत नाही. फरक हक्काचा, वेळेचा आणि पैशाचा आहे, स्वभावाचा नाही. शिवाय बायांना तरी एक कसे धरशील? पाच एकरवाल्या घरातली सासू आणि तिच्याच शेतात रोजाने येणारी बाई यांचा दुष्काळ एकसारखा नसतो.

शासनही घराला एकच शेतकरी धरते. पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपये कुटुंबामागे येतात आणि ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जमा होतात. मोठमोठ्या आकड्यांतही हीच खोट असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2024 च्या अहवालात दाखवले की, उष्णतेच्या ताणामुळे स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या ग्रामीण घरांचे उत्पन्न पुरुषप्रमुख घरांच्या तुलनेत सरासरी 8 टक्के जास्त बुडते, आणि पुरामुळे 3 टक्के जास्त. हा आकडा तू जरूर वापर, पण तो घराची घराशी तुलना करतो. पुरुषप्रमुख घराच्या आत जी बाई आहे, आणि बहुतेक बाया तिथेच आहेत, तिचे काय झाले हे तो सांगू शकत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला लोकांनी हात घातलाच नाही असे नाही. 1990 च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला, आणि 1992 मध्ये शासनाने पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय केली. पुढे 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात भाजीपाला, डाळी, धान्य अशी खाण्याची पिके सेंद्रिय पद्धतीने घेतली. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घे, म्हणजे त्या एका एकराची किंमत कळेल. बाईला निर्णय करू दिला तर ती काय करते याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे शोधत बसू नकोस. फक्त एक विचार: तो एकर कागदावर कोणाचा? तोंडी मिळालेला एकर तोंडीच परत घेता येतो, आणि पीक चांगले आले की तसे वाटणारी माणसे घरात असतातच.

हे सगळे मी इतक्या हट्टाने का लिहिते, हे तुला ठाऊक आहे, कारण माझ्याबद्दल तू ऐकलेच असणार. एका पाणलोट कार्यक्रमात मी असा आग्रह धरला होता की बांधबंदिस्तीचा आराखडा प्रत्येक घरातल्या स्त्रीला वेगळे विचारल्याशिवाय मंजूर करायचा नाही. त्याने काम रेंगाळले, मार्च संपायच्या आत निधी खर्च व्हायचा होता, आणि ताई कामे अडवतात असे बोलले जाऊ लागले. अडवली, हो. शेवटी मी बाहेर पडले आणि कामे माझ्याशिवाय व्हायची तशी झाली. त्या गावांतल्या बायांशी असलेला संबंध त्याबरोबर तुटला, हे मला आजही लागते. काहींच्या मुलींची लग्ने मला इतरांकडून कळली. पण आग्रह सोडायला हवा होता असे मला एकदाही वाटलेले नाही, आणि जो बांध नेमका बायांच्या पाणवठ्याच्या वाटेवर आला तो पाहिल्यावर तर मुळीच नाही. तू म्हणशील की ताई स्वतःचीच बाजू मांडत बसल्या. मांडते आहे. तुला पुढच्या चार महिन्यांत हेच ऐकावे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता कामाचे. यादी फाडून टाक आणि तिच्या जागी मोकळा प्रश्न ठेव: गेल्या पाच वर्षांत पाऊस चुकला तेव्हा तुम्ही काय केले, त्याला पैसा कोणाचा लागला, वेळ कोणाचा गेला, आणि तो निर्णय कोणी घेतला. नवऱ्याला आणि बायकोला एकाच दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी विचार. ओसरीवर बसून बाईशी बोललास तर आतून सासरा उत्तर देईल. म्हणून दुपारच्या भाकरीच्या वेळी शेतात जा, तिथे बायाबाया झाडाखाली बसलेल्या असतात, आणि तुझ्यासोबत गावातली एखादी बचत गटाची बाई घेऊन जा, कारण तू परका पुरुष आहेस आणि त्या तुझ्याशी एकट्याने का बोलतील? दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर त्यांची सरासरी काढू नकोस. न जुळणे हीच तुझी नोंद आहे, तिला स्वतंत्र रकाना दे. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीचे वर्ष मुद्दाम विचार, कारण पुरात माती वाहून गेल्यावर कोणी काय केले हे अजून सगळ्यांना स्पष्ट आठवते आणि दोघांच्या आठवणीतला फरक तुला लगेच दिसेल.

मार्गदर्शक म्हणतील की घरामागे दोन मुलाखती घेतल्या तर घरांची संख्या निम्म्यावर येईल. येऊ दे. जागृतीचे ते वाक्य तोवर प्रबंधात घालू नकोस, आणि त्यांनी फारच आग्रह धरला तर हे पत्र त्यांना दाखव. ते मला ओळखतात. जे काही करायचे ते मृगाच्या आत कर, कारण एकदा तिफणी सुरू झाल्या की तुला वेळ द्यायला त्या घरातल्या दोघांपैकी कोणीही मोकळे नसेल.