विरघळणारा दोरा टेंडनला का चालत नाही?

प्रश्न: माझ्या बोटाचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) तुटलं होतं, डॉक्टरांनी न विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवलं. कातडीचे टाके आपोआप विरघळतात मग आतले का नाही? तसा मजबूत दोरा बनत नाही का?

उत्तर: बनतो हो, पण खरी गोची वेळेची आहे. कातडी दहा-बारा दिवसात धरते, टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते नीट जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि तोवर बोट हलवलं की सगळा ताण त्या दोऱ्यावरच येतो, म्हणजे दोरा आधी ढिला पडला तर दोन टोकांत फट पडते, ३ मिलिमीटरच्या वर गेली की काम बिघडलंच समजा. आता नेहमीचा विरघळणारा दोरा, म्हणजे पॉलिग्लॅक्टिनचा, तीन आठवड्यातच निम्मी ताकद घालवतो, दुसरा विरघळणारा, पॉलिडायॉक्सानोनचा, साधारण चार आठवड्यात. दोन्ही इथे कमीच पडतात.

पॉली-४-हायड्रॉक्सीब्युटिरेट नावाचं एक विरघळणारं मटेरियल आहे, बॅक्टेरियाकडून बनवून घेतात, ते बरंच जास्त टिकतं आणि २००७ मध्ये अमेरिकेत त्याच्या दोऱ्याला मंजुरीही मिळाली. नुसती ताकद वाढवायला दोरा जाड करावा म्हटलं तर गाठ मोठी होते, बोटात टेंडन ज्या अरुंद बोगद्यातून सरकतं त्यात ती घासते. आणि दोरा बहुतेक वेळा तुटतो तो गाठीपाशीच, मधे नाही! म्हणून मला तरी वाटतं की नवीन दोरा बघताना आधी गाठ बघावी, बाकीचं नंतर.