साउंडचा मिक्सर घेण्याआधी विमा, की धंदा बसल्यावर?

चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा २३ वर्षांचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात साउंडचा कोर्स केला आणि सध्या जळगावच्या एका साउंडवाल्याकडे रोजावर जातो. आता त्याला स्वतंत्रपणे काम करायचं आहे. डिजिटल मिक्सर, स्पीकर, मॉनिटर, माइक असं सहा लाखांचं सामान कर्जावर घ्यायचा विचार आहे. वडील लिहितात, "तो म्हणतो, आधी विमा काढू. केळीच्या विम्याचा आमचा अनुभव चांगला नाही. धंदा बसल्यावर विमा काढला तर चालणार नाही का? आणि कर्जासाठी शेत तारण द्यावं का?"

नमस्कार भाऊसाहेब,

मुलाचं म्हणणं बरोबर आहे. नुकसान सोसायची ताकद सगळ्यात कमी असते ती धंद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. सामान चोरीला गेलं तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो, आणि हातात मिक्सर नाही म्हणून घेतलेल्या सुपाऱ्याही सोडाव्या लागतात. जुन्या साउंडवाल्याच्या गोडाऊनमध्ये दुसरा मिक्सर असतो. तुमच्या मुलाकडे तो नसणार.

केळीच्या विम्याबद्दलची तुमची नाराजी मी समजू शकतो. पण तो विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर काय नोंद झाली त्यावर पैसे ठरतात. तुमच्या बागेतलं नुकसान आणि त्या केंद्रावरची नोंद जुळली नाही की शेतकरी कोरडा राहतो. सामानाच्या विम्यात कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि तुमचंच जळलेलं, फुटलेलं सामान बघतो. म्हणून इथे सगळा भार कागदांवर असतो. पक्कं बिल, प्रत्येक नगाचा सिरियल नंबर आणि फोटो हे पहिल्या दिवसापासून जपायला हवं. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार आणि कंपनीला खबर, दोन्ही लगेच.

अशा सामानासाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी असते. ती मुळात एका जागी बसवलेल्या यंत्रांचा विचार करून लिहिलेली असते आणि तुमच्या मुलाचं सामान तर आज शिरपूर, उद्या सारंगखेडा असं फिरणार. त्यामुळे बाहेरगावी वापरताना आणि वाहतुकीत असताना संरक्षण आहे का, हे एजंटच्या तोंडी भरवशावर सोडू नका. पॉलिसीत लिहून घ्या. पिकअपच्या गाडीविम्यात आत ठेवलेल्या सामानाची भरपाई मिळत नाही. रात्री कार्यक्रम आटोपून धुळ्याकडून येताना हायवेवरच्या ढाब्यावर गाडी उभी करून सगळे जेवायला बसतात, हे तर नेहमीचंच. गाडीत कोणी नसताना झालेली चोरी बऱ्याच पॉलिस्यांमध्ये बसत नाही, किंवा कुलूप तोडल्याची खूण मागितली जाते. एक माणूस गाडीपाशी थांबलाच पाहिजे.

विम्याचा हप्ता वाचवायला सामानाची किंमत कमी लावण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण यात माणूस हमखास फसतो. सहा लाखांचं सामान तीन लाखांचं दाखवलं आणि त्यातलं एक लाखाचं गेलं, तर साधारण पन्नास हजारच मिळतील, त्यातूनही ठरलेली रक्कम कापली जाईल. किंमत लावायची ती आज तेच सामान नवीन घ्यायला किती पडेल, ती.

आता सामानापेक्षा मोठा धोका. ट्रसवर, म्हणजे स्टेजच्या धातूच्या सांगाड्यावर, टांगलेला स्पीकर खाली बसलेल्या बाईच्या अंगावर पडला किंवा कीर्तनकार महाराजांना माइकमधून करंट बसला, तर भरपाईचा आकडा सहा लाखांत मावेलच असं नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी लागते. एजंटने १९९१ च्या कायद्याखालची पॉलिसी पुढे केली तर ती घेऊ नका. ती धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. कार्यक्रमात तिऱ्हाइताला झालेल्या इजेची पॉलिसी वेगळी असते. मुलाने दुसऱ्या साउंडवाल्याकडून भाड्याने आणलेलं सामान मोडलं तर तेही लायबिलिटीत सहसा बसत नाही, कारण ते त्याच्याच ताब्यात होतं. भाड्याचं सामान सामानाच्या पॉलिसीतच स्वतंत्र लिहून घ्यावं लागतं. आणि केबल ओढायला दोन पोरं पगारावर ठेवली की कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारीही मालक म्हणून त्याच्यावर येऊ शकते. गावातलीच ओळखीची पोरं आहेत म्हणून ती टळत नाही.

विमा काय देणार नाही, हेही मुलासमोर बसून बोला. रात्री दहानंतर परवानगी नसताना स्पीकर वाजला आणि पोलिसांनी सामान जप्त केलं, तर विम्याचा पैसा येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि वेळ वाढवायची ती शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच. वरातीत 'अजून एकच गाणं' म्हणणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सोबत येत नाहीत. जनरेटरला अर्थिंग न देता काम केलं आणि अपघात झाला, तर कंपनी निष्काळजीपणाकडे बोट दाखवेल. पण मला त्याहून जास्त काळजी त्या माइक धरणाऱ्या माणसाची वाटते. टेस्टर, अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी यांवरचा खर्च विम्याच्याही आधी करा.

मुलाच्या शरीराबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी लिहितो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख देते. बँकेत जाऊन ती आजच चालू करा. सोबत त्याच्या नावावर आरोग्य विमा घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. कानांचं मात्र कोणीच भरून देत नाही. हळूहळू गेलेली श्रवणशक्ती अपघात विम्यात बसत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सुरक्षित धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. साउंड इंजिनिअरची सगळी कमाई कानांवर असते. त्याला वाजंत्र्यांसाठीचे चांगले इअरप्लग घेऊन द्या आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्या.

कर्जाचं म्हणाल तर शेत तारण ठेवू नका. मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण आहे आणि त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते. बँक सामानावर बोजा चढवेल आणि विमाही मागेल, पण बँकेने काढून दिलेल्या पॉलिसीत फक्त आग आहे की चोरी आणि वाहतूकही, ते वाचा. भरपाई आधी बँकेकडे जाते, हेही लक्षात असू द्या.

आता माझं मत. सहा लाखांचं सामान लगेच घेण्याची गरज नाही. साउंड इंजिनिअर आणि साउंडवाला हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिला कान आणि हात विकतो, दुसरा सामान भाड्याने देतो. अहिराणी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, कानबाईचे कार्यक्रम, हरिनाम सप्ताह, जळगावात होणाऱ्या शास्त्रीय मैफली यांना चांगला मिक्सिंग करणारा माणूस लागतो. स्पीकर-अॅम्प तिथल्या साउंडवाल्याचे असतात. तुमच्या मुलाने पहिलं वर्ष हेडफोन, थोडे निवडक माइक, डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) आणि एक छोटा मिक्सर एवढ्यावर काढावं. कर्ज कमी, विम्याचा हप्ताही कमी. प्रत्येक सुपारीला बयाणा घेताना एका कागदावर लिहून घ्यावं की वीज, अर्थिंग, मंडप आणि परवानगी ही आयोजकाची जबाबदारी. वर्षभरात त्याची माणसं तयार झाली की मोठं सामान घ्या.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही ती सोय आहे आणि त्याला फी नाही.

निदान दोन कंपन्यांची कोटेशनं घ्या आणि पैसे भरण्याआधी पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागून घ्या. त्यात 'वाहतूक', 'भाड्याचं सामान' आणि 'गाडीत कोणी नसताना' या तीन ठिकाणी काय लिहिलं आहे, ते मुलाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या सुपाऱ्या सुरू होतील, तेव्हा पॉलिसी त्याआधी हातात हवी.