टांझानियाला शिकवायला निघालेल्या मुलीला

बाळ, तिथं पोचलीस की आधी घड्याळ समजून घे. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण खरे सकाळचे 8. पहिल्याच आठवड्यात मी दुपारी 2 ला वर्गावर गेले. पोरं सकाळपासून थांबून होती, कुणी घरी गेलं नव्हतं. अजून जिव्हारी लागतं ते.

मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतील. चाय, चपाती, दुका, किताबू ऐकलंस की घर आठवेल.

सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून, माध्यमिकला एकदम इंग्रजी. मुलं गप्प बसली तर ढ समजू नकोस; प्रश्नच कळलेला नसतो. फळ्यावर दोन्ही भाषांत लिही.

नाताळात नगरला आलीस की चर्चचे पाळकसाहेब दोन शब्द बोलायला उभं करतील. मुलांच्या गरिबीचे फोटो दाखवू नकोस, त्यांनी शिकवलेलं गीत म्हण. भेटीगाठी दोन दिवस पुढे ढकल आणि आईजवळ करंज्या भरायला बस. ती विचारणार नाही. तूच सांग, मक्याच्या पिठाची उगाली कशी खातात, आजारी पडलीस तेव्हा उशाशी कोण होतं.