बेघर, निराश्रित, विस्थापित : एका शंकेचे उत्तर

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, रस्त्यावर, देवळाच्या ओवरीत आणि बसस्थानकावर रात्र काढणाऱ्या लोकांची पाहणी करण्यासाठी त्यांचे मंडळ मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एक तक्ता तयार करीत असून, 'होमलेस' या शब्दासाठी मराठीत 'बेघर', 'निराश्रित' आणि 'विस्थापित' यांपैकी कोणता शब्द घ्यावा. कन्नड मसुद्यात 'निराश्रित' असा शब्द आहे आणि तो संस्कृतच असल्यामुळे मराठीत जसाच्या तसा ठेवण्यास हरकत नसावी, असे मंडळातील काहींचे मत आहे. पुराच्या वेळी शाळेत आसरा घेतलेल्यांना आणि ऊसतोडीसाठी आलेल्यांनाही याच सदरात मोजावे काय, अशी त्यांची पोटशंका आहे.

प्रथम थोडक्यात उत्तर देतो. तक्त्याच्या मथळ्यात 'बेघर' हाच शब्द ठेवावा. 'निराश्रित' मराठी तक्त्यात ठेवू नये. 'विस्थापित' हा शब्द कारणाच्या रकान्यात घालावा, मथळ्यात नव्हे. असे का, ते सांगण्यासाठी मात्र थोडा विस्तार करावा लागेल.

'बेघर' हा शब्द फारसी 'बे' आणि आपले 'घर' यांच्या जोडणीतून झालेला आहे. 'बेचव', 'बेसूर' हे त्याचेच भाऊबंद. या शब्दात केवळ अभाव सांगितला आहे. घर पुरात गेले, कर्जात गेले, भावांनी बळकावले की मुळात कधी नव्हतेच, याविषयी तो काहीच बोलत नाही, आणि मोजणीच्या मथळ्यासाठी हाच त्याचा गुण आहे. मराठीत 'घर' म्हणजे इमारतही आणि माणसांचा संसारही, त्यामुळे इंग्रजीतील 'हाऊसलेस' व 'होमलेस' हा भेद आपल्याकडे एका शब्दात दाखवता येत नाही. जनगणनेने मात्र पहिला शब्द पत्करला आहे. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री पदपथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, रेल्वे फलाट, मोठे सिमेंटचे पाइप, उघडी मंदिरे येथे फिरून जी गणना झाली, तीत देशभरात सुमारे 17.7 लाख माणसे छपराविना आढळली. नातेवाइकाच्या पडवीत नकोशी होऊन पडलेली म्हातारी त्या आकड्यात नाही, कारण तिच्या डोक्यावर छप्पर होते. मराठी 'बेघर' तिलाही सामावून घेऊ शकतो. म्हणून तक्त्यात व्याख्या एका ओळीत स्पष्ट लिहावी, अन्यथा दोन कार्यकर्ते दोन निरनिराळ्या गोष्टी मोजून आणतील.

आता 'निराश्रित'. मराठीत आश्रय हा घरापेक्षा माणसाचा असतो. आश्रयदाता, राजाश्रय, आश्रित हे शब्द पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. ज्याला पाहणारे कोणी उरलेले नाही तो निराश्रित, मग त्याच्या नावावर दोन खोल्या का असेनात. याच्या जवळचा 'निराधार' हा शब्द महाराष्ट्रात 1980 पासूनच्या अनुदान योजनेमुळे इतका रुळला आहे की, 'निराधार' म्हणजे महिन्याचे पैसे मिळणारी व्यक्ती, असाच अर्थ खेड्यापाड्यांत झाला आहे. कन्नडमध्ये 'निराश्रित'चा पसारा याहून वेगळा आहे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड येथे 1966 पासून वसलेल्या तिबेटी लोकांना कन्नडमध्ये 'निराश्रित' म्हणतात. त्यांनाच आपण मराठीत 'निर्वासित' म्हणतो. दुसरीकडे, कर्नाटकाच्या 1975 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याखाली ज्यांना पकडून नेतात त्यांच्या बेंगळुरातील संस्थेचे कन्नड नावही 'निराश्रितांचे परिहार केंद्र' असेच आहे. म्हणजे एकच शब्द परदेशातून आलेल्या शरणागतापासून भीक मागणाऱ्यापर्यंत पोहोचतो. आपल्या मराठी तक्त्यात तो आला, तर मराठी वाचणारा एक समजेल, कन्नड वाचणारा दुसरे समजेल, आणि दोघांनाही शब्द ओळखीचा असल्यामुळे कोणालाही शंका येणार नाही. अनोळखी शब्दापेक्षा असा अर्धा ओळखीचा शब्द सीमाभागात अधिक घोटाळे करतो.

याच जातीचे आणखी तीन शब्द आपल्या मसुद्यात येण्याचा संभव आहे, म्हणून सांगतो. 'परिहार' म्हणजे कन्नडमध्ये नुकसानभरपाई किंवा मदत. मराठीत परिहार होतो तो शंकेचा किंवा श्रमाचा. तरीही आमच्याकडे 'परिहार आला काय?' असे मराठी वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि बोलण्यात ते मला खटकत नाही. लेखी तक्त्यात मात्र 'भरपाई' लिहावे. 'संत्रस्त' हा शब्द कन्नडमध्ये बाधित लोकांसाठी चालतो: पुराचे ते 'नेरे संत्रस्त', धरणाच्या बुडिताचे ते 'मुळुगडे संत्रस्त'. मराठीत संत्रस्त माणूस फक्त त्रासलेला असतो. आणि 'वसति' म्हणजे कन्नडमध्ये घरकुल, म्हणून 'वसतिरहित' म्हणजे ज्याला घर नाही तो. हा शब्द मराठीत आणला तर वाचणाऱ्याला ओसाड माळ आठवेल; आपल्याकडे 'वस्तीची एसटी' म्हणजे रात्री गावात मुक्कामाला थांबणारी गाडी, तिचा घरकुलाशी संबंध नाही. उलट दिशेचे उदाहरणही देण्याजोगे आहे. मराठीतील 'बिऱ्हाड', जुन्या मराठीतील 'बिढार', याचे नाते कन्नड 'बिडार' या शब्दाशी आहे, आणि त्यात तात्पुरत्या मुक्कामाची छटा आजही टिकून आहे. बिऱ्हाडकरूला घरमालकाने बाहेर काढले, तर त्याचे बिऱ्हाड हलते. तो बेघर होतो तो पुढची खोली मिळाली नाही तरच.

'विस्थापित' या शब्दाची घडण निराळी आहे. हे प्रयोजकाचे कर्मणी रूप आहे. कोणीतरी हलवले म्हणून कोणीतरी हलला, असा कर्ता त्यात दडलेला असतो. 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त', 'पूरग्रस्त' यांतील 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला; ग्रहणाच्या 'खग्रास'मध्ये तोच धातू आहे. घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या बाबतीत तर हा अर्थ अक्षरशः खरा आहे. हुक्केरी तालुक्यातील हुन्नूर गाव जलाशयात गेले, आणि तेथील विठ्ठलाचे दगडी मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजूनही वर येते. त्या गावच्या कुटुंबांना नव्या ठिकाणी घरे बांधून झाली असतील, तर ती बेघर नाहीत. विस्थापित मात्र ती कायमची आहेत. म्हणून हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. एक आजच्या रात्रीची स्थिती सांगतो, दुसरा मागचा इतिहास. (1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आम्हा सीमावासीयांनाही विस्थापित म्हणावे, असे मला एकदा एका सभेत सुचवण्यात आले होते. भावना समजते, पण शब्द चुकतो: माणसे जागीच राहिली, हलली ती सीमारेषा.)

पुराविषयी आपण विचारले आहे, त्याबाबत एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा या सगळ्याच एकदम फुगल्या, यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि निम्मे गोकाक पाण्यात उभे राहिले. निपाणी भागातील एका शाळेत आम्ही काहीजण नावे लिहून घेण्यास गेलो होतो. वर्गातील बाक एकावर एक रचून भिंतीला लावले होते, व्हरांड्यात दोन शेळ्या बांधल्या होत्या आणि फळ्यावर आदल्या आठवड्याची बेरीज तशीच होती. माझ्या सोबत्याने एका बाईंच्या नावापुढे 'बेघर' असे लिहिलेले त्यांच्या मुलीने वाचून दाखवले, तशा त्या तडकल्या. "बेघर कशाला लिवतासा? घर हाय की माझं, पाण्यात हाय!" आम्ही तो शब्द खोडून 'पूरग्रस्त' लिहिले. पाणी उतरल्यावर त्यांच्या घराची मागची मातीची भिंत बसलेली निघाली आणि ते कुटुंब पुढे बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. तेव्हा मात्र 'बेघर' हा शब्द त्यांना लागू झाला होता, जरी कोणी तो पुन्हा लिहिला नाही. पूर्ण पडलेल्या घरासाठी शासनाने 5 लाख रुपये जाहीर केले होते. पण ते ज्याच्या नावावर उतारा त्याला, आणि तेथे भाडेकरू 'पूरग्रस्त' असूनही 'घरमालक' नसल्यामुळे मागे पडला. तात्पर्याने नव्हे तर तक्त्याच्या सोयीने सांगतो: शाळेतील मुक्काम 'पूरग्रस्त, तात्पुरता आसरा' म्हणून वेगळा लिहावा, शेडमधील मुक्काम 'बेघर' म्हणून मोजावा.

जाता जाता, अशा शाळांना कन्नडमध्ये पूर्वी 'गंजी केंद्र' म्हणत. गंजी म्हणजे पेज. आमच्या मराठी मुलांना मात्र गवताची गंजी डोळ्यांपुढे येई. नंतर सरकारी कागदांत 'काळजी केंद्र' हे नाव आले. काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि मराठी कानाला त्यात घेतलेली काळजी आणि लागलेली काळजी अशा दोन्ही ऐकू येतात.

ऊसतोड मजुरांना 'बेघर' लिहू नये. चिकोडी, रायबाग, अथणी भागांत हंगामात बीडकडून, विजयपूरकडून टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या घालून कारखान्याच्या किंवा फडाच्या कडेला राहतात आणि हंगाम संपला की गावाकडच्या घराचे कुलूप काढतात. त्यांच्यासाठी 'हंगामी मुक्काम, कोपी' असे लिहावे. पालावर राहणाऱ्या भटक्या जमातींचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण पाल हेच त्यांचे घर आणि तरीही बहुतेकांच्या नावावर कोठेही जागा नाही. तेथे त्यांनाच विचारावे आणि ते सांगतील तो शब्द लिहावा.

कारणांच्या रकान्यासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहेत, पण जपून वापरावेत. 'कुटुंब उघड्यावर पडले' याचा अर्थ बहुधा कमावता माणूस गेला असा असतो, छप्पर उडाले असा नव्हे. 'रस्त्यावर आले' म्हणजे धंदा बुडाला. 'परागंदा' (फारसीत याचा अर्थ विखुरलेला) आणि 'देशोधडीला लागला' यांत गाव सुटल्याचा भाव मुख्य आहे. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला 'परित्यक्ता' म्हणतात. हा शब्द लग्नाविषयी बोलतो, पण प्रत्यक्षात तिच्या हातून गेलेली पहिली गोष्ट घर असते, आणि तिला माहेरीही ठाव मिळाला नाही तर ती आपल्याच तक्त्यात येते. याचे पुल्लिंगी रूप मी कोणाला वापरताना ऐकलेले नाही. भ्रमिष्ट अवस्थेत फिरणाऱ्या माणसाला बातम्यांत 'बेवारस मनोरुग्ण' म्हणतात, ते चुकीचे आहे: बेवारस म्हणजे वारस नसलेला, तो शब्द मालमत्तेला किंवा फार तर प्रेताला लावावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला संरक्षणाखाली घेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे, तेव्हा तिच्या नावापुढे 'आजारी, घरचा पत्ता मिळालेला नाही' एवढे लिहावे.

'अनिकेत' हा शब्दही सुचवण्यात आल्याचे आपण लिहिता. त्याचा शब्दार्थ 'ज्याला घर नाही तो' असाच आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या लक्षणांत येतो आणि ज्ञानदेवांनी तेथे 'हें विश्वचि माझें घर' असे म्हटले आहे. म्हणूनच आईबाप हौसेने मुलाचे नाव अनिकेत ठेवतात. फलाटावर झोपलेल्याला ते लावू नये.

राहता राहिले शुद्धलेखन. आपल्या पत्रात 'निराश्रीत' असे दीर्घ पडले आहे. मूळ 'आश्रित' ऱ्हस्व असल्यामुळे 'निराश्रित' हेच रूप बरोबर. मराठी तक्त्यात तो शब्द उरणार नाही, पण कन्नड पत्रकाचा मराठीत संदर्भ देताना आपल्याला तो लिहावा लागेलच.