पूर्ण फेअरिंगच्या मोटारसायकलवर जादा दिवे आणि स्लायडर बसवताना काय पाहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, पल्सर आरएस २०० वरून पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला नेहमी जाणे होते, पावसाळ्यात धुक्यामुळे रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून एलईडीचे जादा दिवे आणि गाडी पडलीच तर फेअरिंग (इंजिनभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण) वाचावे म्हणून क्रॅश गार्ड बसवायचा आहे. हे काम घरी करावे की दुकानात, आणि वायरिंगवर ताण येईल का. हीच गाडी मी त्याच रस्त्यावर पाच पावसाळे चालवली आहे. पहिल्यांदा हे काम एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात करून घेतले, दुसऱ्यांदा सगळे उपटून घरी केले.

दुकानात काय झाले ते आधी सांगतो, कारण बहुतेकांच्या गाडीवर तेच होते. कारागिराने हेडलाइटची मूळ तार मध्येच सोलून तिला दिव्यांची तार पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि अर्ध्या तासात गाडी हाती दिली. दोन महिने सारे उत्तम चालले. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवले की उजवा दिवा विझू लागला आणि सरळ केले की पुन्हा लागू लागला. फेअरिंग उतरवून पाहिले तेव्हा स्टिअरिंगच्या मानेपाशी, जिथे हँडल वळताना लोखंडी स्टॉपरला टेकते, तिथे तारेचे आवरण घासून पांढरे पडले होते आणि आतले तांबे पावसाच्या पाण्याने हिरवट झाले होते. त्या तारेला स्वतंत्र फ्यूज नव्हता. तांबे फ्रेमला टेकले असते तर हेडलाइटचा मूळ फ्यूज उडाला असता, आणि भर घाटात जादा दिव्यांबरोबर मूळ दिवाही गेला असता.

आता ताणाचा प्रश्न. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, त्यामुळे चार्जिंगच्या क्षमतेतला तेवढा वाटा कायमचा खर्ची पडलेला असतो आणि उरलेल्यातच तुमचे दिवे भागवायचे असतात. प्रत्येकी २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, साडेतेरा व्होल्टला साधारण ३ अँपिअर. एवढे या वर्गातल्या गाडीला सहसा झेपते. खोक्यावर छापलेल्या वॉटवर मात्र विसंबू नका. मल्टिमीटर अँपिअरवर लावून दिव्याच्या तारेत जोडा आणि प्रत्यक्ष आकडा पाहा. ‘६० वॉट’ लिहिलेला स्वस्त दिवा प्रत्यक्षात २० वॉटही घेत नसल्याचे मी पाहिले आहे. काम झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून, सगळे दिवे लावून आणि ब्रेक दाबून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ते १३ च्या वर टिकले तर चिंता नाही, १२.६ च्या खाली घसरत असेल तर सिग्नलला थांबल्यावर तुमची बॅटरी रिकामी होते आहे असे समजा.

जोडणीत रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवाच. चार पिनांचा साधा १२ व्होल्टचा रिले पुरतो: बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी तार ३० क्रमांकाच्या पिनेला, दिव्यांकडे जाणारी ८७ ला, अर्थिंग ८५ ला, आणि ८६ ला किल्ली चालू असतानाच वीज येणारी एखादी तार, हँडलवरच्या स्विचमार्गे. ही शेवटची तार सीटखाली टेल लाइटच्या कपलरपाशी (तारा जोडणाऱ्या प्लगपाशी) सहज सापडते आणि तिच्यातून फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता, म्हणजे पाव अँपिअरच्या आतबाहेरचा प्रवाह जातो, त्यामुळे मूळ वायरिंगवर दिव्यांचा भार पडतच नाही. फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या सगळ्या तारेला वाऱ्यावर सोडतो. जोड पिळून टेप मारण्याऐवजी कपलर वापरा, किंवा झाळून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. वॉरंटीच्या मुदतीत मूळ हार्नेस (गाडीतल्या तारांची जुडी) कापू नका. नंतर विजेचा कोणताही दोष निघाला तरी बोट त्या कापलेल्या तारेकडेच दाखवले जाते.

तार नेताना ती मूळ हार्नेसच्याच वाटेने न्या, कारण कंपनीने ती वाट गरम आणि हलत्या भागांपासून दूर काढलेली असते. मानेपाशी थोडी ढील ठेवा, झिप टाय घट्ट करण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, आणि मगच फेअरिंग चढवा. माझ्या कामातला निम्मा वेळ या एका हातभर अंतरावर गेला.

दिवे कोठे लावावेत? फेअरिंगच्या गाडीवर जागा कमीच असते. मी ते फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) रबरी अस्तराच्या क्लँपने, हेडलाइटच्या खाली बसवले. धुक्यासाठी उंचीच महत्त्वाची आहे, कारण दिवा डोळ्यांच्या जितका जवळ तितका धुक्यावरून परतणारा उजेड डोळ्यांत जास्त येतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत पक्की रुजलेली असली तरी धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो एवढे खरे, आणि त्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. दिव्याचा झोत पसरट आणि वरच्या बाजूने कापलेला असावा. भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करून, स्वतः बसून, झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किमान ७-८ सेंटीमीटर खाली येईल असा तो वाकवा. समोरून एसटी येत असेल तर जादा दिवे बंदच करायचे, म्हणून स्विच डाव्या अंगठ्याखाली हवा.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉट लाइट लावायला मनाई आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. शहरात लखलखते दिवे लावून फिरणाऱ्यांमुळेच ही पकडापकड होते, असे माझे मत.

क्रॅश गार्डबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. बाहेर आलेला लोखंडी गार्ड जागच्या जागी पडलेल्या गाडीला वाचवतो; पण चालती गाडी घसरली की तो रस्त्याच्या खळग्यात अडकतो आणि सगळा धक्का इंजिनच्या माउंटिंगवर येतो. त्यापेक्षा नायलॉनचे आखूड फ्रेम स्लायडर (गाडीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसणारे ठोकळे) बरे, कारण ते घासत जातात. लांब स्लायडर मात्र घेऊ नका, तो तरफेसारखा बोल्ट वाकवतो. मुळशीच्या पुढे ओल्या मुरमावर माझी गाडी डावीकडे घसरली तेव्हा स्लायडर नखाएवढा झिजला आणि फेअरिंगला फक्त एक ओरखडा आला. पण बोल्ट काढून काचेवर लोळवून पाहिला तर तो डुगडुगत होता, म्हणजे आतून वाकला होता. पडल्यानंतर बोल्ट बदलायचाच, वरून कितीही सरळ दिसो.

हे बोल्ट बहुधा इंजिनच्या माउंटिंगचेच असतात. म्हणून इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट काढा, आणि नवा बोल्ट मूळच्याच प्रतीचा घ्या. त्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: मल्टिमीटर हाताळता येत असेल तर वायरिंग घरी करा, रविवारची एक सकाळ पुरते. स्लायडरचे बोल्ट मात्र टॉर्क रेंच असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये, कंपनीने दिलेल्या मापावर आवळून घ्या आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. सीटखाली ५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज टाकून ठेवा.